दस्तगीरमामांचा चालता सॅक्सोफोन

दस्तगीरमामांना एका जागी उभं राहून सॅक्सोफोन वाजवता येत नाही. बसून तर नाहीच नाही. खुर्चीत बसवलं की त्यांच्या सॅक्सोफोनमधून नुसती हवा येते आणि चेहरा असा होतो, की बघणाऱ्याने पाणी आणायला धावावं. तेच पाय मोकळे सोडा. पहिल्या पावलाला सूर फुटतो, चौथ्याला तो जागेवर येतो आणि दहाव्या पावलाला आमच्या गल्लीतली भांडणं थांबतात. खरं सांगायचं तर थांबत नाहीत, तालात होतात.

याला कारण वरात. मिसरूड फुटायच्या आधी मामा लग्नाच्या बँडमध्ये शिरले आणि मिशी पांढरी होईपर्यंत नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत राहिले. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या मंगल कार्यालयांपासून राधानगरीच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत त्यांनी लोकांना मांडवात पोचवलं आहे. एकदा वळवाच्या पावसात सॅक्सोफोनच्या तोंडात पाणी साचलं आणि अर्धं गाणं बुडबुडत गेलं, तरी ते थांबले नाहीत. "वरात थांबली की वरात मेली," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते वरातीबद्दल बोलतायत असं आधी वाटतं. मग लक्षात येतं, की चहा उतू जात असला, रिक्षावाला भांडत असला किंवा डॉक्टरने आठ दिवस पडून राहायला सांगितलं असलं, तरी मामांचं उत्तर हेच असतं.

राहतात माझ्या शेजारीच. दोन खोल्यांच्या घरात चालायला जागा नाही, म्हणून रियाज गल्लीत. रोज सकाळी सात वाजता, दूध केंद्रापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि परत. डीजे आला, भिंतीएवढे स्पीकर आले आणि मामांचा बँड मिटला. पण रियाज मिटला नाही. दिवसा ते भाच्याच्या बेकरीत काउंटरवर बसतात. बसतात असं म्हणायचं. पाव किलो खारी मागितली तरी बरणीपासून तराजूपर्यंत त्यांच्या तीन फेऱ्या होतात आणि गिऱ्हाईक मान इकडून तिकडे वळवून थकतं.

गाणीही ते अंतरावर मोजतात. मी एकदा एका जुन्या गाण्याबद्दल भारावून बोलत होतो, की काय आर्तता आहे, काय चाल आहे! मामांनी मान डोलावली. "गाणं ब्येस हाय, सर. पर लई आखूड. बिंदू चौकातनं उचललं तर शिवाजी पुतळ्यापतूर बी पुरत न्हाय."

अशा माणसाला चर्चमध्ये नेऊन उभं करायची अवदसा मला आठवली, त्याची ही हकिकत.

झालं असं. आमच्या शाळेतल्या निवृत्त संगीतशिक्षिका रूथबाई दर नाताळच्या आधी चर्चमध्ये गाण्यांचा कार्यक्रम करतात. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो आणि चाळिशी उलटल्यावर त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकलो, म्हणजे त्यांनी माझ्यापुढे हात टेकले नाहीत एवढंच. कार्यक्रमात गीतं तीच, गाणारे तेच आणि ऐकणारेही तेच. एखाद्या वर्षी गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी जागा बदलल्या असत्या तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. यंदा बाईंनी ठरवलं, की सिनेमाची गाणी करायची, तीही तंतुवाद्यांवर. मंडळीतल्या दोन ज्येष्ठांनी हरकत घेतली. तेव्हा पाळकसाहेबांनी निवाडा दिला, "शब्द गायचे नाहीत. नुसती चाल वाजवायची. चालीत पाप कुठं बसणार?" सगळ्यांना पटलं. कार्यक्रमाच्या दिवशी तेच दोन ज्येष्ठ पहिल्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत सगळे शब्द म्हणत होते, तो भाग वेगळा.

आम्ही चार व्हायोलिनवाले आणि चेलोवर एक दातांचे डॉक्टर. चार कच्ची व्हायोलिनं एकत्र आली, की कुठलंही गाणं सुतकातलं वाटायला लागतं. आठवडाभर ते ऐकून बाई म्हणाल्या, "यात जीव ओतणारं कुणीतरी पाहिजे." आणि मी बोलून गेलो, की माझ्या शेजारी एक सॅक्सोफोन राहतो.

पहिल्या तालमीला मामा बँडचा लाल कोट घालून आले, खांद्यावर सोनेरी गोंड्यांसकट. दारात चपला काढल्या, आत आले आणि छताकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग एक पाऊल टाकून सॅक्सोफोनमधून एकच सूर काढला. तो वर गेला आणि परत आला. मामा हरखले. "सर, आमाला वरातीत आभाळ असतंय. पर आभाळ कधी आवाज परत देत न्हाय."

बाईंनी त्यांच्यापुढे नोटेशनचा कागद ठेवला. मामांनी तो उलटा, सुलटा आणि उजेडात धरून पाहिला.

"बाई, ह्या मुंग्या कुठं निघाल्यात?"

"मामा, हे स्वर आहेत. इथं हळू वाजवायचं, इथं मोठ्यानं."

"मग असं सांगा की! हिथं दवाखाना, आन् हिथं चौक."

त्यांच्या धंद्याची ही सगळी भाषा मला तेव्हा कळली. वरात दवाखान्यावरून जाताना हळू वाजवायचं, चौकात आली की छाती फोडून. वळणावर लय संथ करायची, कारण घोडा वळायला वेळ घेतो. चढ लागला की सूर छोटे घ्यायचे, दम पुरवून. बाईंनी ओठ आवळून सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. पण पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं एकाच जागी सतराव्यांदा ठणाणा वाजवायला लागलो, तेव्हा बाईंचा तोल गेला आणि त्या ओरडल्या, "अरे, दवाखाना!" व्हायोलिनचे चारही गज असे अलगद उतरले, की बाई स्वतःच चमकल्या. त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या कागदांवर पेन्सिलीने चौक आणि दवाखाने उभे राहिले.

पायांचा प्रश्न मात्र सुटेना. पहिल्याच गाण्याला मामा दोन बाकांच्या रांगांमधून चालत निघाले, दाराबाहेर गेले, आवाज खिडक्याखिडक्यांतून पुढे सरकत राहिला आणि धृपदाला बरोब्बर मागच्या दाराने आत आले. लयीत कणभर फरक नाही.

बाई म्हणाल्या, "मामा, हे चर्च आहे. इथं प्रदक्षिणा घालत नाहीत."

"मी कुठं प्रदक्षिणा घातली, बाई? गाणंच तेवढं लांब हाय."

शेवटी बाईंनी खडूने जमिनीवर एक चौकोन आखला आणि सांगितलं, की पाय हलवायचे ते याच्या आत. मामा जागच्या जागी पावलं टाकू लागले. लाकडी फळ्यांचा तो मंच असा दणदणायला लागला, की चेलो टेकवलेल्या जागेवरून सरकायला लागला आणि डॉक्टर त्याच्यामागे खुर्चीसकट. मग मामांच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले. दोन जोड, एकावर एक.

दुसरी पंचाईत याहून मोठी. मामांना शेकडो गाणी येत होती, पण एकाही गाण्याचा शेवट येत नव्हता. वरातीत गाणं संपतं कुठं? दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणीतरी येऊन खांदा धरतं आणि दुसरं गाणं सांगतं, नाहीतर फटाक्यांची माळ लागते, नाहीतर मांडव येतो. बाईंनी तिसरं कडवं म्हटल्यावर मामांनी माझ्याकडे बघितलं. "सर, तिसरं बी असतंय?" पुढचे पंधरा दिवस ते बेकरीत मोबाईल कानाला लावून गाण्यांचे शेवट शिकत होते. एकदा मला खारी देताना म्हणाले, "काय काय गाण्यांत शेवटाला लई ग्वाड काढलंय हो. आमाला पत्ताच न्हवता." त्यांच्या आवाजात मला थोडी हळहळ वाटली, पण मी खारी घेऊन आलो.

गाणी बाईंनी निवडली होती. मामांनी एकाच गाण्याचा हट्ट धरला. पाठवणीचं गाणं, मुलगी सासरी निघताना बँडवाले वाजवतात ते. बाई म्हणाल्या, नाताळच्या तोंडावर रडवायचं कशाला? एरवी त्यांच्यापुढे मान खाली घालणारे मामा पहिल्यांदा अडून बसले. "त्ये असंल तर मी हाय. न्हायतर चार व्हायोलिनं हाईतच की तुमची." आमच्या चार व्हायोलिनांची आठवण पुरेशी होती. बाईंनी गाणं घेतलं.

त्या हट्टामागचं कारण मला जैबूनमामींनी, म्हणजे मामांच्या बायकोने सांगितलं. मी तालमीला बोलवायला गेलो होतो आणि मामा घरी नव्हते. मामी तांदूळ निवडत होत्या.

"ते गाणं आमच्या रेश्माचं हाय," त्या म्हणाल्या.

रेश्मा त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी मिरजेला दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी सासरकडून कळलं, की डीजे ठरलाय. मामा म्हणाले, डीजे वाजू द्या, पण पाठवणीला पाच मिनिटं मी वाजवतो. जगाच्या पोरी वाजवत सासरी धाडल्या, आपली कशी नुसती धाडू?

"पोरीनं ऐकलं," मामी खाली बघत म्हणाल्या, "आन् म्हणाली, अब्बा, उद्या नको. उद्या तुमी नवरीचे वडील व्हा. बँडवाले नको."

"मग?"

"मग काय. बरं म्हणाले. पाठवणीला हात मागं बांधून उभे ऱ्हायले. जलमात तेवढंच एकदा जागचे हलले न्हाईत बगा." मामींनी सुपातला खडा वेचून टाकला. "आता फोनवर बोलत्यात दोघं. जेवलीस का? जेवलो. तुमी जेवला का? जेवलो. संपलं."

"कार्यक्रमाला बोलावलंय तिला?"

"मोबाईलवर धाडलाय कागद. तिनं वाचलाय म्हणून निळ्या खुणा आल्यात. उत्तर न्हाय. हे दर घंट्याला त्या खुणाच बघत बसत्यात."

मला त्या दिवशी मामांचा राग आला. माणसाने सगळ्या गल्लीला इतकं हसवू नये, की त्याला काही दुखतंय हे शेजाऱ्यालाही कळू नये. आणि माझाही आला. भिंतीला भिंत लागून असताना मी दोन वर्षं नुसता सॅक्सोफोन ऐकला होता.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाला. सिनेमाची गाणी म्हटल्यावर चर्च गच्च भरलं. दुसऱ्या बाकावर मामी आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर त्यांची पर्स. कुणी बसायला आलं, की मामी पर्सवर हात ठेवून म्हणायच्या, "हाय माणूस, येतंय." मामा खडूच्या चौकोनात, लाल कोट आणि चार मोजे घालून उभे.

पहिलं गाणं झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा दचकले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. नवरदेव आला की काय, असं त्यांना वाटलं असणार. वरातीत लोक नाचतात, शिट्ट्या मारतात, नोटा उडवतात. वाजवणाऱ्यासाठी टाळ्या कुणी वाजवत नाही. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे कळल्यावर ते इतके संकोचले, की दुसऱ्या गाण्याला दोन सूर चुकले. पुढची दोन गाणी मात्र अशी गेली, की आमची व्हायोलिनंसुद्धा शहाण्यासारखी वागली. प्रत्येक गाण्यानंतर मामा दाराकडे बघत होते. दार बंद होतं.

पाचवं गाणं पाठवणीचं. मामांनी सुरुवात केली ती दवाखान्याच्या आवाजात. पहिलं कडवं संपत आलं आणि दार उघडलं. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक मुलगी धापा टाकत आत आली. मिरजेची एस.टी. उशिरा आली असणार. गर्दीत तिला आई दिसेना, म्हणून ती दारातच थांबली.

मामांचा एक पाय चौकोनाबाहेर पडला.

बाईंनी डोळे वटारले. दुसरा पाय पडला. मामा मंचावरून उतरले आणि मधल्या वाटेने, एकही सूर न सोडता, दाराकडे निघाले. मला वाटलं, आता ते लेकीसमोर जाऊन उभे राहतील. तसं झालं नाही. ते तिला वळसा घालून पुढे झाले, तिच्याकडे पाठ, तोंड दाराकडे. बँड नवरीपुढे असाच उभा राहतो. रेश्मा वळली. मग तिने ओढणी सावरली, मान खाली घातली आणि बापाच्या मागून चालायला लागली.

आणि इथे घोटाळा झाला. कोल्हापुरात बँड पुढे निघाला की आपण मागून चालायचं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मागची दोन बाकं उठली. मग मधली. कुणी म्हणालं, "जेवण बाहेर हाय वाटतं," कुणी म्हणालं, "चला की, चला." ते दोन ज्येष्ठही निघाले. मामी पर्स छातीशी धरून गर्दीतून वाट काढत, "माजी पोरगी हाय हो, सरा की," असं म्हणत पुढे घुसल्या. खोटं कशाला बोलू, माझेही गुडघे उठले होते आणि डॉक्टर चेलोसकट अर्धे उभे होते. बाईंनी स्टँडवर ताल द्यायची काठी आपटली. "बसा! वाजवा!" आणि मग बाहेरचा सॅक्सोफोन ऐकू यावा म्हणून हलक्या आवाजात म्हणाल्या, "दवाखाना."

आम्ही खाली मान घालून, जमेल तितकं हळू वाजवत राहिलो. सॅक्सोफोन एकेका खिडकीतून पुढे सरकत फाटकाकडे गेला. दुसरं कडवं झालं. तिसरं सुरू झालं. तिथे कुणी मामांचा खांदा धरला नाही, फटाके लागले नाहीत, मांडवही आला नाही. मामांनी गाणं शेवटपर्यंत वाजवलं. शेवटचा सूर त्यांनी पुष्कळ वेळ धरून ठेवला आणि मग सोडला.

फाटकाशी काय झालं ते मामींनी नंतर सांगितलं. लाल कोट, मागे पदरासारखी डोक्यावरून ओढणी घेतलेली मुलगी आणि तिच्यामागे शंभरभर माणसं बघून तिथल्या रिक्षावाल्याने घाईघाईने रिक्षा चालू केली. "या पावणं, बसा. कुठं सोडायचं नवरीला?"

रेश्मा डोळे पुसत म्हणाली, "कुठंच न्हाय. नवरी परत आत निघालीय."

सगळी वरात आत आली. पाच मिनिटं जागांवरून भांडणं झाली, मग लोक बसले. अजून एक गाणं बाकी होतं, शेवटचं, आणि त्यात प्रत्येक कडव्याआधी सॅक्सोफोनचा लांब तुकडा होता. बाईंनी काठी उचलली आणि मामांना शोधलं. मामा अगदी शेवटच्या बाकावर बसले होते. एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला रेश्मा, मांडीवर सॅक्सोफोन. उठायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ते पाहुण्यासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, गाणं सुरू व्हायची वाट बघत होते.

एरवी एक मात्रा चुकली तर रूथबाई वर्गाबाहेर काढायच्या. आज त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आपणच वाजवू. त्यांची जागा भरायची नाही."

आम्ही धृपद वाजवलं. सॅक्सोफोनची जागा आली. आम्ही गज खाली घेतले आणि मनात मात्रा मोजत थांबलो. त्या शांततेत शेवटच्या बाकावरून मामांची कुजबुज आली. जन्मभर वरातीत काढलेल्या माणसाची कुजबुज ती, पहिल्या बाकापर्यंत पोचली.

"ह्या जागंला मी असतोय बग."

"व्हय अब्बा," रेश्मा म्हणाली. "ऐकतोय मी."

बाईंची काठी खाली आली आणि आम्ही पुढचं कडवं उचललं.